एकोणचाळीस हिरवे फॉर्म

खोडरबराचा वास आला की मला हल्ली मळमळतं. ऐकणारे हसतील, कारण मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे आणि एकोणीस वर्षं खोडरबर माझ्या टेबलावरच पडलेलं असतं. पण खरं आहे ते. गोष्ट सांगायचीच आहे तर लपवाछपवी कशाला? मी शाळेतल्या एकोणचाळीस मुलांचे फॉर्म खोडले आणि त्यातला एक माझ्या स्वतःच्या मुलीचा होता. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते कुंपण मी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत 'मन मोकळं' नावाची खोली सुरू झाली. आधी तिथे खेळाचं सामान असायचं, फुसके चेंडू, तुटक्या रॅकेटी, दोरीउड्यांच्या दोऱ्यांचा गुंता. ते सगळं जिन्याखाली कोंबलं, भिंतीला पिवळा रंग फासला, एक सोफा आणला, प्लॅस्टिकची फुलं ठेवली आणि हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं लॅमिनेट करून लावली. लिंबाच्या वासाचा फवारा मारायचं काम शिपाईमामांकडे. ते इतका मारतात की आतून मूल डोळे पुसत आलं तर त्याचं मन मोकळं झालं की नुसते डोळे चुरचुरले, हे कुणाला सांगता येत नाही. समुपदेशक ताई येतात आठवड्यातून एकदा, मंगळवारी, दहा ते बारा. त्यांच्याकडे अशा सात शाळा आहेत. उरलेले दिवस खोलीला कुलूप. म्हणजे बुधवारी कुणाला रडू आलं तर त्यानं ते सहा दिवस धरून ठेवायचं.

कल्पना वाईट नव्हती, हे मी रागातही कबूल करते. मूल पार कोलमडेपर्यंत थांबायचं नाही, सुरुवातीलाच ओळखायचं, म्हणून दर सहा महिन्यांनी सगळ्या मुलांकडून एक फॉर्म भरून घ्यायचा. वीस प्रश्न. 'मला नीट झोप लागत नाही.' 'वर्गात छातीत धडधडतं.' 'माझं कुणी ऐकत नाही असं वाटतं.' प्रत्येकापुढे तीन गोल: नाही, कधीकधी, नेहमी. त्यांना शून्य, एक, दोन गुण. बेरीज वीसच्या वर गेली की फॉर्म लाल, नाहीतर हिरवा, आणि लाल निघालेल्या मुलाला मंगळवारी बोलवायचं. फॉर्मवर नाव नाही, फक्त नोंदणीचा नंबर. नंबरावरून नाव शोधायचं रजिस्टर माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

फॉर्म पेन्सिलीनं भरायचे, हे ताईंनीच सांगितलं होतं. मुलाला वाटलं आपलं चुकलं तर बिनधास्त खोडता यावं, परीक्षेचं दडपण नको. हेतू चांगला होता बिचारीचा. खोडता येईल अशी वस्तू आमच्या ऑफिसात पाठवतोय हे तिच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

आता वरच्या कार्यालयाचा नियम ऐका. शंभरात तीनपेक्षा कमी मुलं लाल निघाली तर शाळेला 'आनंदी शाळा' अशी पाटी मिळते. जास्त निघाली तर तपासणी पथक येतं, आठ दिवस ठाण मांडून बसतं आणि प्रत्येक शिक्षकाला बोलावून प्रश्न विचारतं. ज्या घरात ताप कमी त्या घराला बक्षीस, असं जाहीर केलं तर घरोघरी थर्मामीटर फुटणार, दुसरं काय होणार? पण हे सांगायला त्या कार्यालयात कुणी कारकून नसावी.

आमच्या सहाशे दहा मुलांत चव्वेचाळीस लाल निघाली. त्यातली चौदा एकट्या नववी 'ब'ची. माझी मुलगी त्याच वर्गात. तिला घरी आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणापासून पेन्सिलीचं टोक कुरतडायची सवय, आणि शाळेतही मैत्रिणी तेच म्हणतात.

मी गठ्ठा घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आवाज असा गोड की मुंग्या लागाव्यात.

"नववी ब नाटकी वर्ग आहे हो," त्या म्हणाल्या. "एकीनं लिहिलं की दुसरी लिहिते. चौदा मुली एका वेळी दुःखी होतात का कधी?"

"उरलेली तीस?" मी विचारलं.

"घाईत भरलेत. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास होता, सगळं लक्ष घंटेकडे." त्यांनी गठ्ठा माझ्याकडे परत सरकवला. "तुम्ही जरा नीट करून घ्या."

'नीट करून घ्या' हे तीन शब्द आमच्या ऑफिसात एकोणीस वर्षं फिरताहेत. हजेरी कमी भरली, नीट करून घ्या. शौचालयात पाणी नाही आणि अहवालात आहे असं लिहायचंय, नीट करून घ्या. 'खोटं लिहा' असं आजवर मला कुणी म्हटलेलं नाही. आणि मीही आजवर कुणाला 'म्हणजे काय?' असं विचारलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणायचं आणि कामाला लागायचं.

"सगळेच हिरवे केले तर कुणाचा विश्वास बसणार नाही," मी म्हणाले. हो, हे मी म्हणाले. अक्कल पाजळायची हौस.

"मग पाच ठेवा," बाई म्हणाल्या. "ते नेहमीचे पाच."

नेहमीचे पाच म्हणजे बाकं मोडणारे, मारामाऱ्या करणारे. त्यांचं दुःख सगळ्यांना दिसतं, कारण त्यानं शाळेची काच फुटते. निमूट बसणाऱ्यांचं खोडलं तरी आवाज होत नाही.

त्या पाचांचे नंबर बाईंना पाठ, ते फॉर्म त्यांनीच बाजूला काढले. उरलेल्यांना दोन दुपारी लागल्या. 'नेहमी'चा काळा गोल खोडायचा आणि 'नाही'चा भरायचा. फॉर्म हलू नये म्हणून वरच्या बाजूला मी लाकडी पट्टी आडवी ठेवत होते. पट्टीखाली नंबर झाकला जायचा. कागद हलू नये म्हणूनच ठेवली, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे नंबर दिसला असता तर नाव आठवलं असतं, नाव आठवलं असतं तर चेहरा, आणि मग हात चालला नसता. एकोणीस वर्षांत मी एवढं शिकले आहे.

खोडरबराचा काळा भुगा सगळीकडे झाला, टेबलावर, बाहीवर, नखांत. दुपारी डबा उघडला तर पोळीवरही दोन कण. मी ते फुंकरीनं उडवले आणि खाल्लं.

एक फॉर्म मात्र काही केल्या खोडला जाईना. ज्यानं भरला त्यानं पेन्सिल इतकी दाबली होती की गोल कागदात रुतले होते. 'माझं कुणी ऐकत नाही' या ओळीपाशी तर कागदच फाटला. "कुठल्या मेल्यानं एवढं दाबून लिहिलंय!" मी मोठ्यांदा म्हणाले. शिपाईमामा हसले. मी मागून चिकटपट्टी लावली, 'नाही'चा गोल भरला आणि पुढचा फॉर्म ओढला. बेरजेत सगळ्यांना कमी-जास्त गुण द्यावेत एवढाही उत्साह नव्हता. एकोणचाळीस जणांना सरसकट चार.

तीन आठवड्यांनी पाटी आली. फाटकावर लावली. मोठ्या बाईंनी केक कापला आणि पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. "आमच्या ऑफिसचं श्रेय," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तोंडात केक असताना.

त्याच सुमारास खारूचं सकाळी पोट दुखायला लागलं.

आधी सोमवारी, मग सोमवार-गुरुवार, मग रोज. बाथरूमची कडी लावून पाऊणपाऊण तास आत बसायची. डबा नेते तसा परत आणायची. तिचे बाबा नोकरीसाठी दूरच्या गावी, महिन्यातून एकदा येतात. त्यामुळे घरात बोलणारी मी आणि ऐकणारी ती. माझी जीभ कशी आहे हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. "चाचणी जवळ आली की बरं दुखतं पोट," मी म्हणायचे. "आमच्या वेळी असले लाड नव्हते. सगळ्यांनाच होतं तसं." ती काही बोलायला तोंड उघडायची आणि मी तिचं वाक्य पुरं करून टाकायचे, तेही चुकीचं.

एका सकाळी ती दारातच बसली. एका पायात बूट, दुसरा हातात. चेहरा पांढराफटक, श्वास लागलेला. "आई, मला आत जाता येत नाही," ती म्हणाली. "फाटकापर्यंत जाईन. पण आत नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. राग नाही, भीती.

डॉक्टरांनी पोट तपासलं, रक्त तपासलं. मग मला बाजूला घेतलं. "पोटाला काही झालेलं नाही. ही घाबरते आहे, आणि घाबरते हे कुणाला सांगताही येत नाहीये. तुम्ही शाळेतच आहात ना? तिथे समुपदेशक असतील. आत्ता न्या. आत्ता सुरुवात आहे, थोड्या बैठकांत सावरेल. असं मूल वर्षभर घरी बसलं की मग त्याला पुन्हा उंबरा ओलांडायला लावणं फार कठीण जातं. माझ्याकडे अशी येतात, वरातीमागून घोडं."

मी मंगळवारची वाट पाहत बसले. पाच दिवस. घरात माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि पिवळ्या खोलीची किल्ली ऑफिसात माझ्याच खिळ्यावर टांगलेली. पण खोली उघडून काय करणार? सोफा थोडाच तिच्याशी बोलणार होता.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला मी ताईंपुढे. ताई तरुण आहेत, पण डोळ्यांखाली काळं. मी खारूचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नंबर विचारला आणि यादी पाहिली.

"हिचा फॉर्म हिरवा आहे," त्या म्हणाल्या. "चार गुण."

"किती?"

"चार. दोन महिन्यांपूर्वी अगदी ठीक होती." त्यांनी नजर खाली केली. "मला दोन तास आहेत, काकू. लाल मुलं पाच आहेत, त्यांनाच पुरवून पुरवून वापरते. एक जागा कशीबशी होईल, सहावी. पण लाल शिक्क्याशिवाय ती मला देता येत नाही, मला वर उत्तर द्यावं लागतं. पुढच्या सत्रात पुन्हा फॉर्म भरले जातील, तेव्हा..."

पुढचं मी ऐकलं नाही. चार. शाळेत चार गुण कुणाला मिळाले होते हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मी ऑफिसात आले, कपाट उघडलं आणि हिरवा गठ्ठा काढला. खारूचा नंबर चव्वेचाळीस सतरा. हा नंबर मी तिच्या वह्यांवर लिहिला, पुस्तकांवर लिहिला, रेनकोटच्या कॉलरवर मार्करनं लिहिला. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. तो फॉर्म हातात आला आणि मागे चिकटपट्टी होती.

मी कागद उलटा केला आणि बोटं फिरवली. सगळे गोल हाताला लागत होते, वीसच्या वीस. मी पुढून कितीही खोडलं तरी मागून ते तसेच उठून आलेले. डोळे मिटून मी मोजले. चौदा ठिकाणी 'नेहमी'.

'कुठल्या मेल्यानं' असं मी म्हणाले होते.

मोरीत जाऊन तोंड धुतलं. आरशात बघवेना. मग तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्या उठल्या, दार लावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची मला शिसारी आली. पण मी तो झटकला नाही, हेही सांगून ठेवते.

"आधी सांगायचं नाही का!" त्या म्हणाल्या. "आपलीच मुलगी आहे. हा एक फॉर्म पुन्हा नीट करून घ्या. घाईत बेरीज चुकली होती, असं लिहून द्या, मी सही करते. पुढच्या मंगळवारी तिचा नंबर लागेल."

"आणि बाकीचे अडतीस?"

"अहो, जागा एकच आहे." आवाज अजूनही तसाच गोड. "अडतीसही बाहेर काढलेत तर जागा कुणाला द्यायची? चिठ्ठ्या टाकायच्या? मग तुमच्या खारूचा नंबर लागेल की नाही, देव जाणे. शिवाय पथक येईल. फॉर्म कुणाच्या टेबलावर होते, हे ते पहिलं विचारतील. विचार करा. आई म्हणून करा."

बाईंना माणसं ओळखता येतात. नोकरीची धमकी त्यांनी शेवटच्या ओळीत ठेवली आणि पोरीचं आमिष पहिल्या. मी विचार केला, आई म्हणून केला. तेवढ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. चव्वेचाळीस सतराचे गोल मी पुन्हा काळे केले, बाईंनी सही केली आणि बाकीचा गठ्ठा मी कपाटात टाकून कुलूप लावलं. पुढचे सहा दिवस मी निर्लज्जपणे खूश होते. स्वतःची इतकी किळस येत असताना माणूस खूश राहू शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मंगळवारी मी खारूला मागच्या दारानं आणलं. त्या वेळी सगळे वर्ग चालू असतात, व्हरांड्यात कुणी नसतं. शिपाईमामांना फवारा मारू नका म्हणून बजावलं होतं, तरी खोलीला वास येतच होता. ती आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसले. चाळीस मिनिटं. आतून कधी ताईंचा आवाज यायचा, कधी काहीच नाही, आणि मग एकदा खारूचा आला. ती सलग बोलत होती. किती महिन्यांनी मी तिला सलग बोलताना ऐकत होते, आणि मध्ये एक बंद दार होतं म्हणूनच ती बोलत होती.

ती बाहेर आली. डोळे लाल, पण खांदे जरा सैल झालेले. माझ्या शेजारी बसली आणि पायातला बूट जमिनीवर घासत राहिली.

"बऱ्या आहेत ताई," ती म्हणाली. "रोज फक्त फाटकापर्यंत यायचं, म्हणाल्या. आठवडाभर तेवढंच."

"बरं."

"त्यांनी विचारलं, आधी कुणाला सांगायचा प्रयत्न केला होतास का?" बूट घासायचा थांबला. "मी म्हटलं, हो. फॉर्मवर. आईला."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या वाक्यात माझी जीभ गेली नाही.

"तुझ्याशी बोलायला लागलं की तू मधेच बोलतेस ना," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "फॉर्मवर कुणाला मधेच बोलता येत नाही. आणि माझा नंबर तर तुला पाठ आहे. मी मुद्दाम दाबून लिहिलं, तुला नीट दिसावं म्हणून. मला वाटलं, तू घरी आल्यावर काहीतरी म्हणशील." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू वाचला होतास ना, आई? उशिरा का होईना, वाचला म्हणूनच आज बोलावलं ना?"

उत्तर समोरच होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. फाइलीत फॉर्म लाल होता, सही होती, सगळं नीट करून घेतलेलं होतं. जगातल्या कुणालाच कळलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "खोडला. न वाचताच खोडला. तुझा आहे हेही मी पाहिलं नाही."

ती रडेल, ओरडेल, उठून जाईल असं मला वाटलं. ती हळूच म्हणाली, "बाकीच्यांचे?"

"कुणाचे?"

"आमच्या वर्गातल्यांचे. शिडीचा?" शिडी म्हणजे तिची मैत्रीण, वर्गात सगळ्यांत उंच, मागच्या बाकावर बसते. मागच्या महिन्यात ती आमच्या घरी आली होती आणि मी तिला 'जरा हसत जा गं' म्हटलं होतं. "शिडी काही लिहिणार नव्हती. म्हणाली, कशाला लिहायचं खरं, कोण वाचतं हे? मग मधल्या ओळीतल्या मुलीही तेच म्हणायला लागल्या. सगळ्या 'नाही, नाही' भरत सुटणार होत्या."

"मग?"

"मी म्हटलं, खरं लिहा. माझी आई ऑफिसात आहे. माझी आई वाचते."

नाटकी वर्ग. चौदा मुली एका वेळी दुःखी होतात का कधी? त्या एका वेळी दुःखी झाल्या नव्हत्या. एका वेळी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि तोही माझ्या मुलीनं माझ्या वतीनं शब्द दिला म्हणून. मला भर व्हरांड्यात जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"दोन महिने त्या मला विचारताहेत," खारू म्हणाली. "तुझ्या आईनं वाचलं का, तुझ्या आईनं वाचलं का. म्हणून तर मला आत जाता येत नाही." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "आता मी त्यांना काय सांगू?"

मी तिला घरी सोडलं. शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसायला सांगितलं आणि शाळेत परत आले. वाटेत मी हिशेब मांडला नाही असं नाही. अडतीस फॉर्म बाहेर आले तर खारूची जागा राहील की जाईल, कुणी सांगू शकत नव्हतं. ताईंचे दोन तास दोनच राहतील की वाढतील, तेही नाही. माझी नोकरी मात्र जाईल, याची खात्री होती. आणि एवढं सगळं करून त्या मुलींना काय मिळणार, तर लिंबाचा वास येणारी एक खोली आणि लांबलचक रांग. पण रांगेत उभं राहायला तरी आधी नंबर लागतो, आणि तो मी खोडला होता. खारूच्या प्रश्नाला माझ्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं.

कपाट उघडलं. हिरवा गठ्ठा खिडकीपाशी नेला. दुपारचं ऊन थेट काचेवर होतं. पहिला फॉर्म काचेला लावला तसे खोडलेले गोल आतून दिसायला लागले, फिकट, पण प्रत्येक आपापल्या जागी. लाकडी पट्टी खणात टाकली. खोडरबर कचऱ्याच्या डब्यात. पेन्सिल शिपाईमामांना देऊन टाकली.

"हे काय?" मामा म्हणाले. "आज सफाई?"

"निळं पेन द्या तुमचं," मी म्हणाले. "माझं सुकलंय."

पहिल्या फॉर्मचा नंबर वाचला. रजिस्टर उघडलं, नाव शोधलं, आणि ते पुटपुटत नाही, मोठ्यांदा वाचलं. मग एकेक प्रश्न. 'मला नीट झोप लागत नाही.' नेहमी. 'वर्गात छातीत धडधडतं.' नेहमी. पेननं गोल भरला. बेरीज केली. अठ्ठावीस. खाली लिहिलं, 'मूळ उत्तरं ऑफिसात खोडली गेली होती,' आणि ते वाक्य मला पटेना. 'खोडली गेली होती' म्हणे. एकोणीस वर्षांची सवय. ते कापून लिहिलं, 'मूळ उत्तरं मी खोडली होती,' आणि सही केली.

सहावा फॉर्म शिडीचा निघाला. तिनं दाबून लिहिलं नव्हतं. इतकं हलक्या हातानं लिहिलं होतं की काचेवरही नीट दिसेना, कागद तिरका धरून बघावं लागलं. त्या एका फॉर्मला मला पाऊण तास लागला. काही गोल सापडले, तीन सापडलेच नाहीत. ते मी कायमचे पुसले होते. त्यांच्यापुढे तसंच लिहिलं आणि ठरवलं की ते तीन प्रश्न तिला भेटून, तोंड मिटून ऐकायचे.

शाळा सुटल्याची घंटा झाली. मुलं फाटकावरच्या पाटीखालून आरडाओरडा करत गेली. मामांनी खोल्या बंद केल्या. अकरावा फॉर्म काचेवर होता तेव्हा दारात मोठ्या बाई आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, उघड्या रजिस्टरकडे पाहिलं, निळ्या पेनाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजातला गोडवा गेला.

"काय चाललंय हे? काय करताय तुम्ही?"

मी मान वर केली नाही. बारावा फॉर्म घेतला.

"वाचतेय, बाई."